‘शेतकऱ्याचा असूड’मधील मृदाविचार आणि जमीन आरोग्य पत्रिका : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची चिकित्सा मराठीत पुष्कळ झाली आहे. धर्माच्या नावाने होणारी लूट आणि सरकारी नोकरशाहीची बेपर्वाई यांच्या कात्रीत सापडलेल्या शूद्र शेतकऱ्याचे अर्थकारण, हा या चिकित्सेचा मुख्य विषय राहिला. ग्रंथाच्या भाषेतील उपरोध आणि रांगडेपणा यांवरही लिहिले गेले. परंतु याच ग्रंथात जमिनीचा कस, शेणखत, गाळ आणि पावसाचे पाणी यांसंबंधी जे विवेचन येते, त्याकडे साहित्याचे अभ्यासक बहुधा ‘शेतीविषयक तपशील’ म्हणून पाहतात, आणि मृदाशास्त्राचे अभ्यासक ग्रंथच ‘साहित्य’ म्हणून बाजूला ठेवतात. अलीकडे यात तिसऱ्या एका प्रवृत्तीची भर पडली आहे. ग्रंथातील बांधबंदिस्तीची सूचना तेवढी उचलायची आणि फुले हे पाणलोट विकासाचे आद्य शास्त्रज्ञ होते असा गौरव करून मोकळे व्हायचे. गौरवाने ग्रंथ वाचला जातोच असे नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, असुडातील मृदाविचार हा त्यातील अर्थकारणाचाच एक आधार आहे. पिकाचे अन्न कोठून येते, कोणत्या वाटेने जाते आणि त्या वाटेवर कोणाची सत्ता असते, हा प्रश्न फुले विचारतात. आज शेतकऱ्याच्या हाती असलेली जमीन आरोग्य पत्रिका हा प्रश्न विचारत नाही. पत्रिका हाही एक मजकूर आहे. तिची स्वतःची भाषा आहे, गृहीतके आहेत आणि मौनेही आहेत. म्हणून या दोन मजकुरांचे वाचन येथे शेजारी शेजारी ठेवून केले आहे. कसोटीसाठी जालना जिल्हा निवडण्याचे कारण साधे आहे. उत्तरेस भोकरदन-जाफराबादकडील अजिंठा रांगेचे फाटे, मध्ये पूर्णा, दुधना व कुंडलिका यांची खोरी, आणि दक्षिणेस अंबड, घनसावंगी, परतूरची गोदावरीकाठची भारी काळी जमीन, असा डोंगरापासून गाळापर्यंतचा सगळा उतार एकाच जिल्ह्यात पाहता येतो. असुडातील विवेचन समजून घेण्यास असाच उतार डोळ्यांसमोर असावा लागतो.

असुडातील विवेचनाचा आशय असा. डोंगरावरील गवत, झाडांची पाने-फुले, मेलेले किडे व श्वापदे यांचे कुजून तयार झालेले सत्त्व वळवाच्या पावसाने धुपते आणि पुराबरोबर ओढ्याखोड्यांत वाया जाते. ते शेतात मुरावे यासाठी सरकारने आपल्या काळ्या-गोऱ्या लष्कराकडून व पोलीसखात्यातील जादा शिपायांकडून जागोजाग तालीवजा बंधारे घालून घ्यावेत. पाणी आधी शेतात जिरेल आणि मग नदीनाल्यांस मिळेल, अशी त्यांची रचना असावी. नदी-तलावांतील साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. सरकारने जंगलखात्यात घातलेली गायराने त्या त्या गावांना परत करावीत. बैल आणि शेणखत यांचा पुरवठा वाढावा, या हेतूने जनावरांसंबंधीच्या सूचनाही याच ओघात येतात.

या सूचना सुट्या सुट्या वाचल्या की त्या एखाद्या अर्जातील मागण्यांसारख्या वाटतात. एकत्र वाचल्या की त्यांतून एक साखळी दिसते. डोंगर व गायरान हा अन्नद्रव्यांचा साठा. जनावरे हे तो साठा शेतापर्यंत आणणारे एक वाहन. पावसाचे पाणी हे दुसरे. गायरान गेले की जनावर गेले, जनावर गेले की शेण गेले, आणि बांध नसला की उरलेसुरले पाण्याबरोबर गेले. ग्रंथात याआधी जंगलखात्यावर जो प्रखर रोष व्यक्त झाला आहे त्याचा अर्थ येथे पुरता उलगडतो. तो रोष केवळ फळे, लाकूडफाटा आणि शेळ्यांची चराई गेल्याबद्दलचा नाही. सरकारने डोंगर ताब्यात घेतला तेव्हा शेताच्या खताचा उगम ताब्यात घेतला, असे फुले यांचे म्हणणे आहे. शेतसारा धान्याच्या राशीवर पडतो. हा भार त्याच्याही आधी, मातीवरच पडतो. माझ्या मते असुडाच्या अर्थकारणातील हा सर्वांत मौलिक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

येथे दोन मर्यादा स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली ऐतिहासिक. फुले यांच्यासमोरचा मुलूख मुंबई इलाख्यातील होता आणि १८७८ च्या वन कायद्यानंतरची परिस्थिती ते पाहत होते. जालना त्या काळी निजामाच्या राज्यात होते. तेव्हा ‘फुले यांनी मराठवाड्याचे वर्णन केले आहे’ असे म्हणणे चुकीचे होईल. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली जमीन दोन्हीकडे आहे, एवढेच साम्य आपल्या कामाचे आहे. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. फुले यांचे ‘सत्त्व’ हे एकजिनसी आहे. त्यात नत्र, स्फुरद, पालाश अशी फोड नाही. युरोपात लीबिग यांचा शेतीरसायनावरील ग्रंथ १८४० मध्ये आला होता, आणि ज्या अन्नद्रव्याचा सर्वाधिक तुटवडा तेच उत्पादनाची मर्यादा ठरवते हे तत्त्व तेथे रुजले होते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात, हे हेलरीगेल व विल्फार्थ यांनी सिद्ध केले ते मात्र असुडानंतर, १८८६ ते १८८८ च्या दरम्यान. म्हणून फुले यांना मृदाशास्त्रज्ञ ठरवण्याचा उत्साह त्यांच्यावरच अन्याय करणारा आहे. त्यांची ताकद निराळी आहे.

ती समजण्यास एक तुलना उपयोगी पडते. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना ब्रिटिश सरकारने १८८९ मध्ये हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी पाठवले. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. रयतेला शेती कळत नाही हा सरकारी समज त्यांनी खोडून काढला. सरपण मिळत नाही म्हणून शेण जाळले जाते आणि शेण जाळले जाते म्हणून जमीन उपाशी राहते, असा कार्यकारणभाव मांडून त्यांनी सरपण-वैरणीसाठी राखीव राने करण्याची शिफारस केली. पुण्याचा एक सत्यशोधक आणि लंडनचा एक रसायनतज्ज्ञ दहा वर्षांच्या अंतराने एकाच दुव्यावर बोट ठेवतात, ही लक्षणीय गोष्ट आहे. परंतु व्होल्कर राने सरकारनेच राखावीत असे सुचवतात, तर फुले गायरान गावाला परत मागतात. रसायनाच्या बाबतीत अहवाल सरस आहे, मालकीच्या बाबतीत असूड.

आता दुसरा मजकूर. जमीन आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगड येथे झाला. पत्रिकेत बारा घटक असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि सामू, विद्युत वाहकता व सेंद्रिय कर्ब. योजनेच्या मूळ आखणीत बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरला एक नमुना घ्यायचा होता. नमुना वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटर थरातला. आकड्यांच्या आधारे खतांच्या मात्रा सुचवल्या जातात.

पत्रिकेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. युरिया स्वस्त आहे म्हणून तो टाकायचा, या सवयीला आकड्याने उत्तर देण्याचा हा पहिला व्यापक प्रयत्न होता. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशयुक्त खतांसाठी अन्नद्रव्याधारित अनुदानाचे धोरण आले, पण युरिया त्याबाहेर राहिला. किमतीतील या तफावतीने मातीतील तोल बिघडवण्यास हातभार लावला. असा तोल दाखवणारा कागद शेतकऱ्याच्या हाती असणे केव्हाही इष्टच. गंधकाचेही तसेच. सिंगल सुपर फॉस्फेटमधून स्फुरदाबरोबर सुमारे अकरा टक्के गंधक मिळत असे. डीएपीची सवय लागली, स्फुरद मिळत राहिले आणि गंधक मुकाट्याने बंद झाले. जालन्यात सोयाबीनचे क्षेत्र वाढले आणि तेलबियांना तर गंधक हवेच. पत्रिकेत गंधकाचा रकाना आहे म्हणून ही उणीव निदान कागदावर दिसू लागली.

तरीही जालन्यातील जमिनीच्या संदर्भात पत्रिका वाचताना एक मोठे मौन जाणवते. या जमिनींचे वर्तन ज्या गुणधर्मावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, त्या मुक्त चुनखडीचा बारा घटकांत समावेश नाही. सामूवरून तिचा अंदाज येतो, प्रमाण कळत नाही. चुनखडयुक्त काळ्या जमिनीत टाकलेल्या स्फुरदाचा मोठा भाग कॅल्शियमशी बांधला जाऊन मुळांना दुर्लभ होतो. पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला त्याचा अल्प अंशच येतो. लोहाची कथा याहून विलक्षण आहे. बेसाल्टपासून बनलेल्या मातीत लोह विपुल असते. परंतु सामू साडेसातच्या पुढे गेला की ते अविद्राव्य रूपात जाते, आणि पावसाळ्यात चिबाडलेल्या जमिनीत बायकार्बोनेट वाढले की अडचण आणखी वाढते. मग मोसंबीच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. उसात याच लक्षणाला शेतकरी केवडा म्हणतात. कोठार भरलेले आणि घरात उपासमार, अशी ही स्थिती असते. जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकनाने नावाजली गेली. तिच्या बागांतील पिवळेपणाचे कारण मात्र पत्रिकेच्या बारा रकान्यांतून पुरते कळत नाही. फळबागेसाठी चुनखडीची वेगळी तपासणी करून घेता येते, पण ती करून घ्यावी हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ती सुचते.

कापसावरील लाल्याचीही गोष्ट अशीच. बोंडे भरण्याच्या काळात पाने लाल होणे, यामागे मॅग्नेशियम व नत्र यांची कमतरता, रात्रीचे उतरलेले तापमान आणि जमिनीतील ओल यांचा एकत्रित हात असतो. मॅग्नेशियम पत्रिकेत नाही. पालाश आहे, आणि काळ्या जमिनीत त्याचे प्रमाण सामान्यतः भरपूरच येते. त्यामुळे पत्रिका हाती असूनही लाल्याच्या वेळी शेतकरी कृषिसेवा केंद्राच्या काउंटरवर जे सांगितले जाईल ते घेऊन येतो.

नत्राच्या आकड्याबद्दल अधिक विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण येथेच असूड आणि पत्रिका समोरासमोर येतात. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी असल्यास ते ‘कमी’ गणले जाते, आणि मराठवाड्यातील कोरडवाहू जमिनींच्या वाट्याला हा शिक्का नित्याचा आहे. परंतु मातीतील नत्राचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेंद्रिय पदार्थांत बांधलेला असतो. तो मोकळा करण्याचे काम जिवाणू करतात, आणि जिवाणूंचे काम ओल, उष्णता व वेळ यांवर चालते. नमुना बहुधा उन्हाळ्यात, जमीन मोकळी असताना घेतला जातो. त्यानंतर वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस पडतो. तापून कोरडी पडलेली माती भिजली की जिवाणूंची हालचाल एकाएकी वाढते आणि थोड्या दिवसांत नायट्रेटचा लोंढा तयार होतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतील मातीवरील प्रयोगांतून १९५८ मध्ये हे दाखवले, म्हणून या घटनेला त्यांचे नाव मिळाले. वेळेवर पेरलेले पीक जोम धरते, यामागे ओलीइतकाच या लोंढ्याचाही वाटा असतो. पेरणी लांबली, किंवा पाठोपाठ जोराचा पाऊस आला, तर हे नायट्रेट खाली झिरपते, वाहून जाते किंवा पाणी साचलेल्या भारी जमिनीत वायुरूपाने उडून जाते.

फुले यांनी सत्त्व वाहून नेणारा पाऊस म्हणून नेमका वळवाचा उल्लेख केला आहे. हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. वर्षभर डोंगरावर साठलेले, उन्हाने वाळून ठिसूळ झालेले आणि अजून गवताने न धरलेले द्रव्य पहिल्या पावसातच सर्वाधिक हलते, हे निरीक्षण शेत पाहणाऱ्या माणसाचे आहे. त्याच्या शब्दांत रसायन नाही, पण काळ आहे. पालाश वाळल्या पानांतून पाण्याबरोबर चटकन सुटतो, नत्र जिवाणूंच्या मार्फत यथावकाश मोकळा होतो, स्फुरद बहुतांशी मातीच्या बारीक कणांना चिकटून गाळाबरोबर जातो, ही फोड आपण आज करू शकतो. तिने फुले यांचे चित्र खोडले जात नाही, त्यात रंग भरले जातात. उलट पत्रिकेत रंग सगळे आहेत आणि चित्र स्थिर आहे. एका दिवशीचा, एका थरातला, दहा हेक्टरांच्या चौकोनातला आकडा. उतारावरचे मुरमाड शेत आणि त्याच्या खालचे खोल काळे रान कोरडवाहू भागात एकाच चौकोनात सापडण्याचा संभव असतो. त्या दोहोंची सरासरी काढली की ती दोन्हींपैकी एकाही शेताची राहत नाही.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. आकडे अपुरे आहेत म्हणून पारंपरिक ज्ञान पुरेसे आहे, असा निष्कर्ष निघत नाही. तुरीचे उदाहरण घेऊ. जालना जिल्ह्यातील बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे. तूर जमीन सुधारते हा अनुभव जुना आहे आणि खराही आहे. ती नत्र बांधते, पाने गाळते, मुळे खोल नेते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत झालेल्या व १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असेही आढळले की, तुरीच्या मुळांतून स्रवणारे सेंद्रिय आम्ल लोहाशी बांधलेले स्फुरद मोकळे करते. हा निष्कर्ष आपल्याकडील भाषणांतून सर्रास सांगितला जातो. पण तो प्रामुख्याने लाल जमिनीला लागू आहे. आपल्या चुनखडयुक्त काळ्या मातीत स्फुरद कॅल्शियमशी बांधलेले असते, तेथे तो जसाच्या तसा लावता येत नाही. माती बदलली की खरे विधानही खोटे होते. असुडातील बांधांच्या सूचनेलाही हीच अट लागू आहे : हलक्या उताराच्या जमिनीत पाणी मुरवणारा बांध वरदान ठरतो, तर निचरा नसलेल्या भारी रानात तोच बांध नत्र उडवतो आणि लोह कोंडतो.

गाळाच्या बाबतीत तर फुले यांची सूचना जवळजवळ शब्दशः सरकारी योजनेत उतरली. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली आणि २०२३ मध्ये ती नव्याने राबवली. जालन्यात त्याआधीच, शहराला पाणी पुरवणाऱ्या निजामकालीन घाणेवाडी तलावातील गाळ नागरिकांच्या पुढाकाराने काढला गेला व शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेला. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्याने जे भोगले त्यानंतर अशा कामांना वेग आला. हलक्या, मुरमाड जमिनीत असा गाळ टाकला की चिकणमातीचा अंश वाढतो, ओल टिकते आणि अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता सुधारते. भारी जमिनीत तो टाकला तर निचरा आणखी बिघडतो. गाळ चुनखडीचा असला तर आधीच लोहाला मुकलेल्या मोसंबीवर तो नवे संकट आणतो. या कामांची मोजदाद मात्र प्रायः काढलेल्या गाळाच्या घनमीटरांत आणि तलावाच्या वाढलेल्या साठ्यात होते. गाळ कोणत्या जमिनीत पडला आणि तिचे पुढे काय झाले, हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

कडवंचीच्या बाबतीतही असेच घडले. जालना तालुक्यातील या गावात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून बांधबंदिस्ती झाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे मार्गदर्शन लाभले, पुढे शेततळी आली आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. राज्यभर या गावाची चर्चा झाली ती पाण्याचे गाव म्हणून. बांधाने माती अडवली, मातीबरोबर तिचे अन्न अडवले, हा कामाचा अर्धा भाग चर्चेत मागे पडला. आपल्याकडे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा घरोघर पोहोचली. त्या पाण्यातून काय वाहत होते हे सांगणारी घोषणा झाली नाही. असुडात मात्र पाणी आणि सत्त्व हे दोन शब्द एकाच विचारात येतात.

असुडाचे अध्यापन करताना मराठी विभागातील शिक्षकाने शेजारच्या रसायन किंवा वनस्पतिशास्त्र विभागातील सहकाऱ्याला वर्गात बोलावणे, आणि त्या सहकाऱ्याने परिसरातील दोन-चार पत्रिका बरोबर आणणे, हे बहुविद्याशाखीय म्हणवणाऱ्या महाविद्यालयात अवघड नसावे. आपले बरेचसे विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात आणि पत्रिका त्यांच्या घरी असते. तिच्यावर गट क्रमांक छापलेला असतो. तो गट उतारावर कोठे आहे, त्याच्या वरच्या अंगाला डोंगर आहे, गायरान आहे की दुसऱ्याचे शेत, गेल्या हंगामातील पऱ्हाट्या जाळल्या की जिरवल्या, घरी आता किती जनावरे उरली, हे विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते त्याने स्वतः लिहावे आणि मग पुढचे आकडे वाचावेत.